पाच वेढ्यांची गुटी

१

पीरमहंमद अत्तारांचं दुकान बंद आहे, हे दूधवाल्यानं सांगितलं तेव्हा पुष्पावतीबाईंचा विश्वासच बसला नाही. दाळमंडईच्या तोंडाशी असलेलं ते काष्ठौषधीचं दुकान शुक्रवारी दुपारी नमाजापुरतं बंद व्हायचं. एरवी सगळा बाजार बंद असला तरी त्याची एक फळी उघडी असायची. आणि आज गुरुवार होता, सकाळचे अकरा वाजून गेले होते.

बाई पायात चपला सरकवून निघाल्या. वय सहासष्ट, गुडघे कुरकुरणारे, पण चाल अजून वॉर्डातल्या सिस्टरचीच. बत्तीस वर्षं सरकारी दवाखान्याच्या बाळंतीण विभागात काढलेल्या बाईला कुठं काय बिनसलंय ते बघितल्याशिवाय चैन पडत नाही.

शटर खाली होतं. बोळातलं बाजूचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत पाऊल टाकलं आणि वेखंड, सुंठ, कापूर यांचा तो जुना वास अंगावर आला. या वासानं बाई दर वेळी सहा वर्षांच्या होत. आईचं बोट धरून त्या याच फळीशी उभ्या असायच्या. गल्ल्यावर मोठे अत्तार, आणि मागं पुड्या बांधणारा त्यांचा सोळा वर्षांचा मुलगा पीरमहंमद. आईचं लक्ष नाही असं बघून तो ज्येष्ठमधाची एक काडी हळूच खाली सरकवायचा आणि पुटपुटायचा, "घे, आईला सांगू नको." ती गोडी जिभेवर घरापर्यंत पुरायची.

तो मुलगा आता शहात्तर वर्षांचा होता आणि जमिनीवर बसला होता. भोवती लाकडी खणांचा ढीग. एकेक खण उपसून तो त्यातल्या मुळ्या नि फळं डोळ्यांजवळ नेऊन बघत होता.

"या, पुष्पाबाई," तो म्हणाला. "तुम्ही जिंकलात."

यामागं तीस वर्षांचं भांडण होतं. बाई प्रत्येक बाळंतिणीला बजावून सांगायच्या, सहा महिने आईच्या दुधाशिवाय बाळाच्या तोंडात काही घालायचं नाही, गुटी तर नाहीच नाही. त्यातल्या निम्म्या जणी दवाखान्यातून निघून थेट या दुकानात यायच्या. बाई चिडायच्या, पीरभाई हसायचे, आणि वर्षातून एकदा उत्तम सुंठेची पुडी बाईंच्या घरी पोचती व्हायची.

"जिंकले-बिंकले नंतर बघू. झालं काय?"

पीरभाईंनी मोबाईल पुढं केला. पडद्यावर मेसेज होता. 'दाळमंडईतल्या अत्ताराच्या बाळगुटीत अफू. माझी तीन महिन्यांची मुलगी दोन दिवस झाले नीट जागी होत नाही. सावध राहा. पुढे पाठवा.' खाली नाव होतं, कल्याण.

"कर्जतकडचा पोरगा. केडगावला राहतो, एमआयडीसीत कामाला आहे," पीरभाई म्हणाले. "याच्या आईनं याच्या वेळची गुटीही इथूनच नेली होती. अफू माझ्या बापानं ठेवली नाही, मीही नाही. पण बाई, डावा डोळा धुरकट झालाय. अतिविषाच्या जागी भलतंच मूळ गेलं असेल तर? ती पुडी मी बांधलीय. शनिवारी ते तक्रार करणार आहेत. त्याआधी मला कळायला पाहिजे. माझ्या पुडीत खोट निघाली, तर हे शटर परत वर जाणार नाही."

बाईंनी पदर खोचला. "डॉक्टर कोण आहे?"

२

बाळावर उपचार करणारी डॉक्टर मोनिका निघाली. मोनिकानं शिकाऊ असताना पहिलं सलाईन बाईंच्या नजरेखाली लावलं होतं, त्यामुळं दार उघडायला अडचण आली नाही.

"आता धोका नाही," मोनिका म्हणाली. "आज सकाळी थोडं दूध प्यायली. पण आणली तेव्हा हलवून उठवावी लागत होती. रक्ताचा रिपोर्ट शनिवारी येईल."

"डोळ्यांच्या बाहुल्या कशा होत्या?"

मोनिकानं कागद उलटला. "मोठ्याच होत्या. गाल लाल, तोंडाला कोरड. का?"

"अफू असती तर टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या असत्या."

मोनिकानं कागदावरची ती ओळ पुन्हा वाचली. "हो की. मी त्या बाजूनं विचारच केला नाही. सगळे अफू-अफूच करत होते."

अफू नव्हती, हे ठरलं. पण काहीतरी होतं, कारण लेकरू उगीच दोन दिवस झोपून राहत नाही.

बाळाच्या खाटेशी पंकजा बसली होती. कल्याणची बायको, बाविसेक वर्षांची, डोळ्यांखाली काळं झालेली. उशीजवळ स्पर्धा परीक्षेचं जाडजूड पुस्तक पालथं पडलेलं. बाईंनी आधी बाळाच्या पोटावर हात ठेवला, मग आईच्या डोक्यावर. त्यानंतर पुडी मागितली.

पुडी बघताच बाईंनी ती ओळखली. जाड पिवळा कागद, तीन कोपरे आत मुडपलेले, चौथा वरून खोचलेला, आणि लाल दोऱ्याची गाठ पुडीच्या पोटाखाली. ही घडी नगरात एकच हात घालत होता. पीरभाईंचा मुलगा फैयाजसुद्धा ती शिकला नव्हता, तो प्लास्टिकची पिशवी घेऊन वर पिन मारायचा. म्हणजे पुडी वाटेत बदललेली नव्हती.

बाईंनी ती मांडीवर उघडली. वेखंड, हळकुंड, सुंठ, बाळहिरडा, मुरुडशेंग, काकडशिंगी. काकडशिंगी म्हणजे झाडावर किड्यानं केलेली गाठ, हे त्यांना लहानपणी पीरभाईंनीच सांगितलं होतं आणि त्या आठ दिवस खोकल्याचं औषध घ्यायला तयार नव्हत्या. त्या एकेक जिन्नस हुंगत, मोडून बघत गेल्या. अतिविष आतून पांढरं, जसं असायला हवं तसं. सगळं जागच्या जागी होतं. भलतं एकही मूळ नव्हतं.

शेवटचं जायफळ हातात आलं. बाईंनी ते उजेडात धरलं.

ते निम्मं संपलेलं होतं.

३

"गुटी सुरू करून किती दिवस झाले?"

"नऊ," पंकजा म्हणाली.

"आणि जायफळ किती उगाळायचीस?"

"पाच वेढे. सकाळी पाच, संध्याकाळी पाच. बाकीच्याचा एकेकच. आत्यांनी, म्हणजे सासूबाईंनी, फोनवर सांगितलं तसं." तिच्या आवाजाला धार आली. "सगळ्यांना वाटतंय, अभ्यासाला वेळ मिळावा म्हणून मीच तिला झोपवलं. मी मोजून पाच केलेत, बाई. मोठ्यानं मोजायची मी. सहावा कधी केला नाही."

तिनं डोळे पुसले. तिच्या उजव्या हाताच्या बोटांची टोकं सोलवटलेली दिसली. भांडी घासून झाली असतील, असं बाईंना वाटलं.

बाहेर बाकावर पंकजाची सासू झुंबरबाई बसली होती. नऊवारी, कपाळावर ठसठशीत गोंदण, हातात कापडी बटवा. बाळाला दवाखान्यात ठेवल्याचं कळताच ती कर्जतच्या एसटीनं आली होती आणि तेव्हापासून या बाकावरून उठली नव्हती.

"अत्तारावर माजा इस्वास हुता वो," ती म्हणाली. "माजी दोन लेकरं त्याच्याच गुटीवर वाढली. ह्ये बगा." बटव्यातून तिनं एक काळपट जायफळ काढलं. "ह्ये कल्यानचं. पयल्या वाढदिसापातूर उगाळलं, तरी केवडं ऱ्हायलंय बगा. म्या जपून ठिवलंय. आय हाय न् मी."

बाईंनी ते हातात घेतलं. कल्याणच्याच वयाचं, एकोणतीस वर्षांचं जायफळ. एका बाजूला फक्त नखाएवढा गुळगुळीत सपाट भाग. सबंध वर्षभर उगाळून एवढंच झिजलेलं, आणि इकडं नऊ दिवसांत निम्मं.

"तुम्हीही पाचच वेढे द्यायचात?"

"व्हय. पाच म्हंजी पाच. आमची सहान तर लई जुनी. माज्या आजेसासूची. उगाळून उगाळून वाटीवानी खोल झालीया, चमचाभर पानी त्यात उभं ऱ्हातं. आवंदा नातीसाठी कल्यानसंगं धाडून दिली. म्हनलं, गुटी त्याच सहानंवर व्हऊ दे."

तेवढ्यात कल्याण आला. गोरागोमटा, सरळ पोरगा, रागानं नाही तर भीतीनं फिकट पडलेला. बाई अत्तारांच्या बाजूनं आल्यात हे त्याला कळलं होतं.

"बाई, तुमच्याबद्दल आदर आहे. पण माझी पोरगी हलत नव्हती. तुम्ही असता तर काय केलं असतं?"

"दवाखान्यात आणलं असतं. ते तू केलंस. मेसेज मात्र रिपोर्ट आल्यावर टाकला असता."

त्यानं मान खाली घातली. पण तक्रार मागं घेतो असं काही म्हणाला नाही.

परतताना बाई पुन्हा दुकानात शिरल्या तेव्हा फैयाज घाईघाईनं एक खोकं कपाटामागं ढकलत होता. बाईंनी ते सरळ ओढून उघडलं. आत कारखान्यात भरलेल्या गुटीच्या बाटल्या होत्या, रंगीत लेबलांच्या.

"अब्बांना सांगू नका," फैयाज ओशाळून म्हणाला. "उगाळायला वेळ कुणाला आहे आता? अजून एकही विकली नाही. सील बघा हवं तर."

सगळी सीलं शाबूत होती. अब्बांपासून लपवण्यापलीकडं फैयाजचा यात काही गुन्हा नव्हता.

म्हणजे अत्तारानं पुडी चोख दिली, फैयाजनं तिला हात लावला नाही, आणि पंकजा खरं बोलत असेल तर वेढेही पाचच होते. तरीही निम्मं जायफळ बाळाच्या पोटात गेलं होतं. जायफळ थोडं असलं तर झोप लागते. फार झालं की गाल लाल होतात, तोंडाला कोरड पडते, बाहुल्या मोठ्या होतात.

त्या संध्याकाळी चहा गाळता गाळता बाईंना पंकजाची सोलवटलेली बोटं पुन्हा दिसली. डाव्या हाताची बोटं तर धड होती. भांडी घासणारीचे दोन्ही हात जातात.

चहा तसाच ओट्यावर राहिला.

४

शुक्रवारी सकाळी बाई दवाखान्यात पोचल्या तेव्हा पंकजाची छकुली जागी होती आणि मोठ्यानं रडत होती. तो आवाज ऐकून झुंबरबाई बाकावरच हात जोडून बसली होती.

"पोरीचे कपडे आणायचे आहेत ना?" बाई पंकजाला म्हणाल्या. "किल्ली दे, मी आणते."

"मी जातो की," कल्याण चटकन पुढं झाला. "तुम्ही कशाला त्रास घेता?"

"मला केडगावलाच काम आहे," बाई म्हणाल्या. त्यांचं काम त्याच्याच घरात होतं, एवढं सांगायची गरज नव्हती. पंकजानं किल्ली दिली.

दोन खोल्यांचं नीटनेटकं घर. दोरीवर दुपटी वाळत होती. बाईंनी कपडे पिशवीत भरले आणि स्वयंपाकघरात गेल्या. गॅसच्या शेजारी, वर्तमानपत्राच्या तुकड्यावर सहाण ठेवलेली होती.

काळ्या दगडाची, गोल, स्वच्छ धुतलेली. बाईंनी चमचाभर पाणी तिच्यावर ओतलं. पाणी क्षणभर थांबलं आणि चारी बाजूंनी ओघळून ओट्यावर आलं. दगड थाळीसारखा सपाट होता. त्यांनी अंगठा फिरवला. अंगठ्याची कातडी अडकली. दगडावर टाकीचे ठोके जसेच्या तसे होते.

झुंबरबाईच्या आजेसासूची सहाण या घरात नव्हती.

५

"सगळे दुकानात या," बाईंनी फोन केला. "पंकजा बाळापाशी राहू दे."

नमाज आटोपून पीरभाई आले तेव्हा शटर अर्धं वर होतं आणि आत झुंबरबाई, कल्याण, फैयाज खणांच्या ढिगात वाट काढून उभे होते. झुंबरबाईनं पीरभाईंकडं बघितलं नाही. पीरभाईंनीही खाली बघूनच सलाम केला.

बाईंनी फळीवर दोन फडकी ठेवली होती. दोन्हींखाली काहीतरी झाकलेलं.

"झुंबरबाई, हे नवं जायफळ घ्या. नातीसाठी उगाळता तसं पाच वेढे उगाळा. आधी या दगडावर."

त्यांनी पहिलं फडकं काढलं. खाली मोठ्या अत्तारांची सहाण होती, दुकानात नव्वद वर्षं झिजलेली, मध्ये खोलगट. झुंबरबाईनं पाण्याचे थेंब टाकले आणि सवयीनं हात फिरवला. एक, दोन, तीन, चार, पाच. पाण्याला जेमतेम रंग आला. वास मात्र घमघमला.

"आता या."

दुसरं फडकं निघालं. झुंबरबाईनं जायफळ टेकवलं, एक वेढा दिला आणि हात जागीच थांबला.

"ही कुनाची?" ती म्हणाली.

"तुमच्या लेकाच्या घरातली."

"ही आमची न्हाई."

"माहीत आहे. तरी पाच पुरे करा."

पाच वेढे झाले तेव्हा दगडावर तपकिरी चिखल साचला होता. तो पुसायला बोट पुरेना. जायफळाच्या गालाला हरभऱ्याएवढा खड्डा पडला होता.

"पंकजानं मोजण्यात चूक केली नाही," बाई म्हणाल्या. "पीरभाईंनी बांधण्यात केली नाही. झुंबरबाई, तुम्ही सांगण्यातही केली नाही. फक्त तुमचे पाच वेढे त्या झिजलेल्या दगडाचे होते. या टाकीच्या दगडावर पाचाचे शंभर झाले. पोरीची बोटं सुद्धा सोलून निघाली. तिनं जुनी सहाण कधी बघितलीच नव्हती, तिला काय कळणार?"

मग सगळ्यांच्या नजरा कल्याणकडं वळल्या. त्यानं खणांच्या कडेला टेकून तोंड झाकून घेतलं होतं.

"मिरजगावच्या पुढं गतिरोधकावर गाडी उडाली," तो म्हणाला. "मागं पोत्यात बांधली होती. पडली आन् दोन तुकडे झाले. आई, तू देताना किती येळा सांगितलंस, जपून ने. मला तोंडच नव्हतं सांगायला. माळीवाड्यात पाटे विकणारी बाई बसती, तिच्याकडून ही घेतली. दगडाला दगड, मला वाटलं काय फरक पडतोय? मला खरंच अफूच वाटली होती, आई. आईशप्पथ."

"तुकडं कुटं हायेत?"

"माळ्यावर. टाकून द्यायला धीर झाला न्हाई."

झुंबरबाई त्याला मारेल, असं बाईंना वाटलं. तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि मग दोन्ही हात जोडून पीरभाईंसमोर वाकली. "अत्तारभाऊ, आमचं चुकलं."

पीरभाईंनी घाईनं तिचे हात धरले. "लेकरू रडतंय ना आता? दूध पितंय ना? मग बस्स झालं."

कल्याणनं मोबाईल काढला. मेसेज पुसायची वेळ निघून गेली होती, तो कुठं कुठं पोचला ते आता कोणालाच सांगता येणार नव्हतं. त्यानं नवा लिहिला. चूक माझी, पुडी चोख होती, असं नावानिशी. लिहिताना त्याचे कान लाल झाले होते. शनिवारच्या तक्रारीला आता कारणच उरलं नव्हतं.

६

सगळे गेल्यावर फैयाजनं शटर पूर्ण वर केलं. उन्हाचा पट्टा आत आला आणि खणांवरची धूळ चमकली. बाई स्टुलावर बसून पुढचे खण जागेवर लावत होत्या. फार दिवसांनी त्यांना मोकळं वाटत होतं. शाळा सुटल्यावर इथं थांबायचं, खणांवरची नावं वाचायची, चुकलं की पीरमहंमदनं हसायचं. अक्षरओळख शाळेत झाली, पण वाचायची गोडी या खणांनी लावली.

वळून बघतात तर पीरभाई बाकावर चढले होते आणि दारावरची पत्र्याची पाटी सोडवत होते. 'बाळगुटी मिळेल.' मोठ्या अत्तारांनी स्वतः रंगवलेली, 'ळ' थोडा वाकडा.

"पीरभाई! अहो, उतरा खाली. तुमची काही चूक नव्हती, आत्ताच सिद्ध झालं ना?"

"पुडीची नव्हती. पण शहाण्यासारखं वेढे सांगत बसलो आम्ही. दगड कसा आहे, कधी विचारला का? बापाच्या काळी गरज नव्हती. घरोघरी सहाण जुनी, घरोघरी उगाळणारा हात जुना. आता पुडी तेवढी तीच राहिली." त्यांनी दुसरा खिळा काढला. "तुम्ही तीस वर्षं सांगत होता. ऐकलं नाही. ते पोर दोन दिवस झोपलं, तेव्हा ऐकू आलं."

"राहू द्या की पाटी," बाई म्हणाल्या, आणि आपण काय बोललो ते ऐकून स्वतःच दचकल्या.

पीरभाई बाकावरून बघतच राहिले. "ही उतरावी म्हणूनच तर भांडत होता ना?"

भांडत तर होत्याच. त्यांचं बरोबरच होतं, त्या आजही प्रत्येक बाळंतिणीला तेच सांगणार होत्या. पण ती पाटी खाली येताना बघवत नव्हती. आईचं बोट, पिवळा कागद, लाल दोरा, सगळं त्या एका पत्र्याला लटकलेलं होतं. सहासष्ट वर्षांच्या, कडक म्हणून नावाजलेल्या सिस्टरांना भर दुपारी, बाजाराच्या तोंडाशी रडू आलं.

पीरभाई सावकाश खाली उतरले. पाटी भिंतीला टेकवली. मग मागच्या खणात हात घालून चाचपडत राहिले. डावा डोळा धुरकट होता, पण या खणासाठी डोळा लागत नव्हता. पन्नास वर्षं अहो-जाहोनं बोलणारा तो म्हातारा फळीवरून हात पुढं करून हळूच पुटपुटला, "घे, आईला सांगू नको."

बाईंनी ज्येष्ठमधाची काडी तोंडात धरली, पदरानं डोळे पुसले, आणि पाटी आत नेऊन ठेवण्यासाठी तिचं दुसरं टोक उचलायला पुढं झाल्या.